शाहिराच्या उत्तराची फाईल

त्या वर्षी जिन्यात मेहुणा भेटेल या धास्तीने मी ऑफिसातून उशिरा निघू लागलो होतो. मेहुणा म्हणजे बायकोचा मोठा भाऊ. तो पहिल्या मजल्यावर राहायचा, आम्ही तिसऱ्या. भाईंदर पश्चिमेच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही जागा घेतली ती त्याच्याच ओळखीने, आणि माहेर दोन जिने खाली आलं म्हणून बायकोने तेव्हा सगळ्या मजल्याला पेढे वाटले होते. आता संध्याकाळी त्याचं दार उघडं असायचं आणि तो दारातच खुर्ची टाकून ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसलेला असायचा.

"काय भावोजी, काकांचं उत्तर पोस्टाने येतंय का?"

मी जिना चढत राहिलो की पुढचं यायचं. "पिनकोड टाकला होता ना नीट?"

आतून हसण्याचा आवाज यायचा. मी वर जाऊन बायकोवर चिडायचो. तिच्यावर चिडणं सोपं होतं.

भांडण मुळात आम्हा दोघांचं नव्हतं, गावचं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात दोन वाड्या. वरच्या वाडीत तुरेवाले, खालच्या वाडीत शक्तीवाले. तुरेवाले शंकराला मोठं मानतात, शक्तीवाले देवीला, आणि समोरासमोर उभे राहून शाहीर गाण्यातून एकमेकांना सवाल टाकतात, उणंदुणं काढतात. सामना संपला की एकत्र जेवायला बसायची रीत आहे, पण ती रीत जेवणापुरतीच. मी वरच्या वाडीचा, बायको खालच्या. आमच्या लग्नातही कोणीतरी मांडवात उभं राहून माझ्या बाजूच्या वऱ्हाडाला सवाल टाकला होता.

वरच्या वाडीचे शाहीर म्हणजे माझे काका. वडील गेल्यावर मला गावाहून आणून शिकवलं ते त्यांनीच. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते, निवृत्त होऊन भाईंदरजवळच मोरव्याला एका खोलीत एकटेच राहायचे. त्यांनी माझ्यासाठी काय काय सोडलं याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही, त्यामुळे मला तो कायमच डोक्यात ठेवावा लागला.

आदल्या पावसाळ्याच्या शेवटी मुंबईतल्या एका हॉलमध्ये दोन्ही वाड्यांचा सामना झाला. शेवटच्या फेरीत शक्तीच्या शाहिराने पार्वतीच्या लग्नावरून एक अवघड सवाल टाकला आणि वर म्हणाला की उत्तर नसेल तर डोक्यावरचा तुरा काढून ठेवा. काका उठले. पण हॉलची वेळ संपत आली होती. हॉलवाल्यांनी आधी माईक बंद केला, मग पुढचे दिवे. लोक चपला शोधायला लागले. काकांनी माईकशिवाय उत्तर गायलं, पूर्ण गायलं, पण ते ऐकायला रंगमंचावरची दहा-बारा माणसंच काय ती उरली होती, तीही बहुतेक काकांचेच साथीदार. मीही तेव्हा बाहेर रिक्षा बघत उभा होतो.

दुसऱ्या दिवसापासून बोललं जाऊ लागलं की तुऱ्याच्या शाहिराला उत्तर आलं नाही, तो अंधाराचा फायदा घेऊन पळाला.

काकांनी ते बरेच दिवस ऐकून घेतलं. मग कळलं की गावच्या मुंबई मंडळाची बैठक जानेवारीत आहे आणि शिमग्याला पालखीपुढे तुऱ्याकडून कोणी उभं राहायचं ते तिथे ठरणार आहे. वर्षानुवर्षं तिथे काकाच उभे राहत होते. आता वाडीतल्या एका तरुण शाहिराचं नाव पुढे आलं होतं. पळालेल्या माणसाला पालखीपुढे कसं उभं करायचं, असं आमच्याच वाडीतले लोक विचारत होते.

काका माझ्याकडे आले ते शालीत गुंडाळलेल्या सीड्या घेऊन. व्हिडिओवाल्याने सामन्याच्या तीन सीड्यांचा संच करून दिला होता. त्याने मूळ कॅसेटवर नंतर कुणाचं तरी लग्न चढवलं होतं, त्यामुळे होतं ते एवढंच. पहिल्या दोन सीड्या बऱ्या होत्या. तिसरी वाडीभर फिरून आली होती. तिच्यावर चरे होते, कोणीतरी टूथपेस्ट लावूनही पाहिली होती, आणि कुठल्याही प्लेअरमध्ये घातली की ती सवालापर्यंत चालायची आणि तिथे अडकायची.

"हिच्यात माझं उत्तर आहे," काका म्हणाले. "तुला कॉम्प्युटरचं कळतं ना? मग ते बाहेर काढ."

मला कॉम्प्युटरचं कळतं असं सगळे म्हणायचे. ऑफिसात ते काम माझ्याकडे होतं आणि ते काम म्हणजे प्रत्येक नव्या मशीनवर चोरीची सिस्टिम बसवणं. साहेबांना त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटायचं. माझा स्वभावच तसा आहे, बसमध्ये तिकीट काढायचं राहिलं तर घरी येऊन जेवण जात नाही. अशात एका सहकाऱ्याने मला फुकट मिळणारी, कोणाच्या मालकीची नसलेली सिस्टिम दाखवली. मी ती घरच्या कॉम्प्युटरवर घातली आणि अगदी माळ घातलेल्या माणसासारखा वागू लागलो. चोरीचं काही वापरायचं नाही. गाणी, फोटो, सगळं खुल्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे ज्यासाठी कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नाही अशा प्रकारात. मेहुण्याच्या घरी पिक्चरच्या नकली सीड्यांचा ढीग होता. त्यावरून मी त्याला दोनदा सुनावलंही होतं. तो म्हणाला होता, "भावोजी, तुम्ही अगरबत्ती लावून पिक्चर बघत जा."

तिसऱ्या सीडीने मला रडवलं. ड्राइव्ह कण्हायचा, थांबायचा, पुन्हा फिरायला लागायचा. मी असा प्रोग्राम लावला होता जो वाचता न येणारी जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतो आणि नाहीच जमलं तर सोडून पुढे जातो. काही दिवसांत जवळजवळ सगळं हाती आलं. काकांचं उत्तर आलं. चित्र अंधारलेलं, आवाज लांबचा, पण शब्द कळत होते. आणि चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात माझा मेहुणा बसलेला दिसत होता. शक्तीचा ढोलकीवाला तोच. ढोलकी गवसणीत घालता घालता तो थांबला होता आणि काकांकडे तोंड करून ऐकत होता.

ते पाहून मला जो आनंद झाला तो काकांसाठी किती आणि मेहुण्याला पकडल्याचा किती, हे मी आजही सांगू शकत नाही.

उत्तराच्या सुरुवातीचे काही क्षण मात्र सापडत नव्हते. तिथे काकांच्या तोंडावर हिरवे चौकोन यायचे आणि आवाजाच्या जागी किंचाळी. मला वाटलं, सीडीवर व्हिडिओवाल्याने चिकटवलेल्या कागदी स्टिकरमुळे ती ड्राइव्हमध्ये डगमगत असेल. मी तो स्टिकर ओल्या कपड्याने भिजवला आणि हळूहळू सोलला. स्टिकरबरोबर सीडीचा चंदेरी पापुद्राही सुटून आला. हातात उरली ती आरपार दिसणारी प्लॅस्टिकची चकती.

घाबरलो, पण फार नाही. फाईल झालेली होती ना. मी त्या हिरव्या चौकोनांचा तुकडा कापून टाकला आणि पुढचं-मागचं जोडलं. काकांचं तोंड असं विद्रूप दिसणं बरं नव्हे, एवढाच विचार होता. मग सगळं माझ्या खुल्या फॉरमॅटमध्ये बदललं. काकांना म्हणालो, आता सीडीची गरज नाही, ही फाईल कायमची आहे, कुठलीही कंपनी बुडाली तरी ही चालेल. काकांनी त्यातलं "कायमची" एवढंच ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सहकाऱ्याने मला बजावलं होतं. लोकांच्या कॉम्प्युटरवर तुझा प्रकार उघडणार नाही, लोकांचा नेहमीचा प्रकारही एक करून ने. मी त्याला म्हटलं की त्या प्रकारावर कंपन्यांची मालकी आहे, माझ्या हातून ते होणार नाही. एकदा तत्त्व धरलं की धरलं. तो म्हणाला, तत्त्व तुझं, काका कोणाचे?

बैठक मोरव्यालाच, सत्यनारायणाच्या पूजेनंतर एका शाळेच्या खोलीत होती. मंडळाच्या सेक्रेटरीने घरचा कॉम्प्युटर आणला होता, प्रोजेक्टर भाड्याचा. दोन्ही वाड्यांची माणसं प्रसाद हातात घेऊन बसली. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी फाईल घातली आणि क्लिक केलं. भिंतीवर एक काळा चौकोन आला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की ही फाईल उघडता येत नाही.

मी पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तीच ओळ. सेक्रेटरीच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं, वेगळा प्लेअर मी बरोबर आणलेला नव्हता. मी काहीतरी समजावू लागलो, की फाईल बरोबर आहे, दोष तुमच्या सिस्टिमचा आहे, ती चोरीची आहे आणि तिला खुले प्रकार कळत नाहीत. माझ्या तोंडून 'चोरीची' हा शब्द गेला आणि सेक्रेटरीचा चेहरा बदलला.

मागून मेहुण्याचा आवाज आला. "शाहिराचं उत्तर अजून अंधारातच आहे वाटतं."

खोली हसली. आमची वाडीसुद्धा.

काका उठले. म्हणाले, मशीन राहू दे, मी आत्ता इथे गातो. तेव्हा आमच्याच वाडीतला एक म्हातारा म्हणाला, "अरे, मागाहून उत्तर कोण पण देईल. त्या दिवशी दिलंस काय, एवढंच बघायचं हाय." त्यात खोटं काही नव्हतं. काका खाली बसले. अध्यक्षांनी निर्णय पुढच्या रविवारवर ढकलला. मला म्हणाले, "बाबा, सगळ्यांना दिसेल असं काहीतरी आण."

काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तत्त्व वगैरे बाजूला ठेवून मी त्याच रात्री लोकांच्या प्रकारात फाईल केली. ती करायला काहीच वेळ लागला नाही आणि त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. बायको मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "हे आधी का नाही केलंत?" मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. ती म्हणाली, "मला दादाचं हसणं कळतं. बैठकीहून आल्यापासून खालून वरपर्यंत ऐकू येतंय सगळ्यांना."

पुढच्या रविवारी त्याच खोलीत फाईल पहिल्या क्लिकला चालली. भिंतीवर काका मोठे दिसले. सवाल झाला, माईक गेला, दिवे गेले, काका पुढे आले. उत्तराचे शब्द ऐकू येऊ लागले तशी आमच्या वाडीतली माणसं पुढे सरकली. शेवटच्या ओळीला कोणीतरी हळूच "वा" म्हणालं. मी मेहुण्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या स्वतःकडे बघत होता.

मग सेक्रेटरी म्हणाला, "जरा मागे घे."

मी मागे घेतलं.

"थांब. हा मागचा टाळवाला बघ. उभा आहे ना? आता पुढे जाऊ दे. हा बघ, बसला. मधे खाली वाकला पण नाही. उभा होता, एकदम बसला."

खोली पुन्हा जागी झाली. सेक्रेटरीने परत लावायला सांगितलं. काकांचा हात वर होता आणि दुसऱ्या क्षणी खाली, टाळवाला उभा आणि दुसऱ्या क्षणी मांडी घालून. "जोडलंय," कोणीतरी म्हणालं. "दुसरीकडचं गाणं आणून जोडलंय." मी खरं ते सांगितलं, की तिथे सीडी खराब होती, मी तेवढा तुकडा काढला, बाकीचं सगळं त्याच दिवसाचं आहे. सेक्रेटरीने मूळ सीडी मागितली. मी ती काचेसारखी चकती पिशवीतून काढली, कारण लपवून काय करणार होतो. ती हातोहात फिरली. एकाने ती डोळ्यासमोर धरून तिच्यातून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे पुरावा धुऊन टाकला," सेक्रेटरी म्हणाला. "आणि चोर आम्ही."

अध्यक्ष शहाणे होते. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मेहुण्याकडे वळले. त्या दिवशी रंगमंचावर शाहिराच्या सगळ्यात जवळ तूच होतास, म्हणाले, आणि तू तर समोरच्या पक्षाचा. तू सांगशील ते दोन्ही वाड्या मानतील. शाहिराने उत्तर दिलं होतं का?

मला वाटलं, संपलं, सुटलो. माणूस कितीही टोमणे मारो, पूजा झालेल्या खोलीत बसून खोटं बोलणार नाही, एवढं मी त्याला ओळखत होतो.

मेहुणा उठला नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "मी ढोलकी गवसणीत घालत होतो. ढोलकी गवसणीत गेली की माझा सामना संपतो. त्याच्यानंतर कोण काय बोललं ते मी धरत नाही."

खोटं तो बोललाच नाही. अध्यक्षांनी आणखी एकदा विचारलं, त्याने तेच उत्तर दिलं. तरुण शाहिराचं नाव पक्कं झालं. त्याने येऊन काकांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, काकांनी पाय मागे घेतले.

काकांची खोली तिथून पाच मिनिटांवर होती. मी बरोबर चालत होतो आणि मेहुण्याला शिव्या देत होतो. त्याने मान हलवली असती तरी पुरलं असतं, त्याने सगळं ऐकलं होतं, फाईलमध्ये दिसतंय की, असं बरंच काही.

"त्याने बरोबर केलं," काका म्हणाले.

मी थांबलो. ते थांबले नाहीत, म्हणून मला पळत गाठावं लागलं.

"वेळेत दिलं नाही ते उत्तर नव्हेच. तो शक्तीचा माणूस, तो माझी बाजू कशाला घेईल? त्याचा मला राग नाही." मग दाराशी आल्यावर, कुलूप काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल मी हरलेला शाहीर होतो. आज तू मला खोटा शाहीर केलास."

मी म्हटलं की मी घरोघर जाऊन सांगतो, तुकडा मी काढला, काकांना माहीतही नव्हतं.

"तू सांगशील," ते म्हणाले. "तू खरंच सांगशील. आणि लोक म्हणतील, पुतण्या काकासाठी बोलतोय." दार लागलं.

संध्याकाळी बायको खाली गेली. मी जिन्यात उभा राहून ऐकलं, लपून नव्हे, पण दिसेन असाही नाही. तिने भावाला विचारलं, तू ऐकलं होतंस की नाही. तो म्हणाला, ऐकलं. उत्तर बरोबर होतं का? बरोबर होतं, चांगलं होतं, आमच्या शाहिराने पण रिक्षात तेच म्हटलं.

"मग तिथे का नाही बोललास?"

"तुझ्या नवऱ्याने मला फाईलमध्ये बसवलंय ना? मग फाईलला विचारा." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला चोर म्हणून झालंय त्यांचं. आता चोराची साक्ष कशाला पाहिजे?"

बायको वर आली आणि तिने माझ्याशी भांडण केलं नाही. जेवण वाढलं. पुढे दिवाळीत भाऊबीजेला ती खाली गेली, ओवाळलं, ताट घेऊन तशीच परत आली, तिथे पाणीही न पिता. भावाला आणि मला, दोघांनाही एकाच ताटाने शिक्षा करणं तिला जमलं होतं.

मी घरोघर गेलोच. काका नको म्हणाले होते तरी गेलो, कारण न जाता मला झोप लागली नसती, आणि माझी झोप हा माझ्या प्रत्येक चांगल्या कामाचा मोठा भाग असतो हे मला तेव्हा नुकतंच कळू लागलं होतं. लोकांनी बसवलं, चहा दिला. काहींनी ऐकून मान डोलावली. दार बंद होताच आत काय बोलणं सुरू झालं ते मला पायऱ्यांवर ऐकू यायचं. वरच्या वाडीतल्या एका बाईने तोंडावरच सांगितलं की भावोजी, कॉम्प्युटरवर आता मेलेल्या माणसाला पण नाचवतात, आमच्या पोरांनी दाखवलं, तुम्ही कशाला त्रास करून घेता.

त्या शिमग्याला काका गावी गेले नाहीत. गाव सोडून मुंबईला आल्यापासून पहिल्यांदाच. होळीच्या दिवशी बायकोने पुरणपोळ्या केल्या आणि डबा माझ्या हातात दिला. मी मोरव्याला गेलो. काकांनी दार अर्धं उघडलं. आत भिंतीला टेकून त्यांचा डफ आणि कोपऱ्यात मांडलेला एकच पाट दिसत होता, समोर दुसरा पाट नव्हता. जेवायला एकटेच बसणार होते.

"गावाहून फोन आला होता काय?" मी विचारलं. पालखी निघायची वेळ झाली होती.

"आला होता," ते म्हणाले. "घेतला नाही."

त्यांनी डबा घेतला, आत जाऊन पोळ्या ताटात काढल्या, डबा धुतला, पुसला आणि दारातूनच मला परत दिला.